ओपीडीच्या वेळेत न सापडणारा ताप

पत्र :

डॉक्टर, माझा धाकटा भाऊ २८ वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो. सध्या रजा टाकून घरी आलाय. सहा आठवडे झाले, ताप जात नाही. सुरुवात घसा दुखण्यापासून झाली. आधी व्हायरल म्हणाले. मग विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडची इंजेक्शनं झाली. ती चालू असताना अंगावर पुरळ उठलं, तेव्हा औषधाची ॲलर्जी म्हणून इंजेक्शन बंद केलं. पुरळ अजूनही अधूनमधून दिसतं. रोज दिवेलागणीला हुडहुडी भरते, ताप १०३पर्यंत चढतो, पहाटे घामाने अंथरूण भिजतं आणि सकाळी हा पोहे खाऊन अंगणात हिंडत असतो. मनगटं आणि गुडघे महिनाभर दुखतायत, शर्टाची बटणंसुद्धा आई लावून देते. मध्ये मामांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. जादू झाल्यासारखा ताप गेला, बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी परत हजर. फेरिटिन ६,८४० आलंय. आता एक डॉक्टर टीबीची औषधं ‘ट्रायल म्हणून’ सुरू करू म्हणतात. चुलतभावाने मोबाइलवर शोधून ‘ॲडल्ट-ऑनसेट स्टिल्स डिसीज’ असं नाव काढलंय. आई म्हणते, ती गोळीच परत द्या. शेजारीपाजारी तर म्हणतात, नोकरीचा कंटाळा आला म्हणून नाटक करतोय. हा तोच आजार असेल का? आणि आम्ही ऐकायचं कोणाचं?
— एक बहीण, बार्शी

उत्तर :

ताई,

शेजाऱ्यांचं आधी मिटवतो. फेरिटिन म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, शरीरात दाह भडकला की ते रक्तात वाढतं. ते ६,८४०वर नाटक करून नेता येत नाही.

चुलतभावाने काढलेलं नाव हसण्यावारी नेऊ नका. पत्रावरून मी निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं वर्णन त्या आजाराशी बरंच जुळतंय आणि त्या दिशेने तपास व्हायला हवा. टीबीची औषधं पुराव्याशिवाय सुरू करायला माझा विरोध आहे. आईंच्या गोळीला त्याहून जास्त. का, ते सांगतोच. पण तुम्ही पत्रात जिला अर्धं वाक्य दिलंत त्या गोष्टीपासून सुरुवात करू.

‘सकाळी हा पोहे खाऊन अंगणात हिंडत असतो.’ माझ्या लेखी हे वाक्य फेरिटिनच्या आकड्याहून मोलाचं आहे. स्टिल्सचा ताप घड्याळ लावल्यासारखा येतो. दिवसातून एकदा, बहुधा संध्याकाळी, १०२च्या वर. काही तास माणसाला पिळून काढतो आणि औषध दिलं-न दिलं तरी पार नॉर्मलवर उतरतो. काहींना दिवसातून दोनदा येतो. टायफॉइडचा ताप पायऱ्या चढत जातो आणि वर गेला की तिथेच मुक्काम ठोकतो, रोज सकाळी सुट्टी घेत नाही. टीबीचा ताप संध्याकाळचा असतो खरा, पण बहुधा कणकणीसारखा. हे सगळे ठोकताळे, अपवाद ढीगभर. तरी ठोकताळा चुकतोय हे कळायलासुद्धा तापाची वेळ कुणीतरी लिहून ठेवलेली असावी लागते.

आणि इथेच घोळ होतो. ओपीडी सकाळी दहा ते एक. तुमचा भाऊ साडेअकराला खुर्चीत बसतो तेव्हा ताप ९८, अंगावर डाग नाही, घसा किंचित लाल. डॉक्टरांना दिसतो एक दमलेला तरुण आणि हातात जाडजूड फाइल. आजार दिसतो तो रात्री आठला, तुमच्या माजघरात.

हे मी वाचून सांगत नाही. नव्वदच्या दशकात माझ्या वॉर्डात एक तरुण बस कंडक्टर होता. महिन्याचा ताप, सुजलेली मनगटं. मी रोज सकाळच्या राउंडला जायचो, कोरडा चार्ट पाहायचो आणि पुढच्या खाटेकडे वळायचो. दोन आठवड्यांत मी त्याची अँटिबायोटिकं तीनदा बदलली. शेवटी रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, ‘‘सर, तुम्ही सकाळी बघता तेव्हा काही नसतं. एकदा रात्री आठला या.’’ गेलो. दंडावर, छातीवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला फिकट गुलाबी चट्टे उठले होते, आणि सिस्टरनी त्याच्या पाठीवर नखाने ओढलेल्या रेघेवर तसाच लाल पट्टा उमटला होता. सकाळी सहाला जाऊन पाहिलं तर पाठ स्वच्छ. स्टिल्सचं निदान त्यांनी केलं, सही माझी झाली.

पुस्तकांत या पुरळाच्या रंगाला ‘सामन माशासारखा गुलाबी’ म्हणतात. बाजारात रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणतात म्हणून त्यावरून अंदाज बांधू नका, तो मासाच वेगळा. शिवाय ते वर्णन गोऱ्या कातडीवरचं. आपल्या सावळ्या अंगावर हे चट्टे काळपट-लालसर, कधी नुसती सावली पडल्यासारखे दिसतात, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तर निसटतातच. बहुधा खाजत नाहीत, पण काहींना खाजतात.

भावाच्या पुरळाला ॲलर्जी म्हणून शिक्का मारला गेला तो याच कारणाने असू शकतो. विचार करा : इंजेक्शन बंद होऊन आठवडे लोटले आणि पुरळ ‘अजूनही अधूनमधून’ दिसतंय. औषधाचं पुरळ सहसा एकदा उठलं की काही दिवस राहतं, खाजतं, मग ओसरतं. दर संध्याकाळी हजेरी लावून पहाटे जात नाही. तुम्हाला कळलं पाहिजे ते एवढंच, की पुरळ तापाबरोबर येतं का. आज संध्याकाळपासून बघा. ताप चढताना शर्ट काढायला लावा, छाती, पोट, पाठ, काखेजवळचा भाग, मांड्या पाहा आणि फोटो काढा. फ्लॅश नको, पांढरा दिवा जवळ धरा. दुसरा फोटो त्याच जागेचा, सकाळी. फोटोवर तारीख-वेळ राहू द्या. या दोन फोटोंचा जो उपयोग होईल तो हजारो रुपयांच्या तपासण्यांचा होईलच असं नाही.

ताप दिवसातून चारदा मोजा : सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सात, रात्री दहा. मधे हुडहुडी भरली तर तेव्हाही. पॅरासिटामॉल कधी दिलं ते शेजारी लिहा, आणि देण्यापूर्वी मोजा. बऱ्याच घरांत ‘ताप येईल’ म्हणून आधीच गोळी देतात, आणि मग तापाचा खरा आलेख कुणालाच दिसत नाही.

आता नावाबद्दल. ‘स्टिल’चा स्टीलच्या भांड्यांशी संबंध नाही. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या लंडनच्या बालरोगतज्ज्ञांनी १८९७ साली मुलांमधल्या सांधेदुखीवर लिहिलं, त्यावरून आजाराला त्यांचं नाव पडलं. मोठ्या माणसांतही तोच आजार होतो हे एरिक बायवॉटर्स यांनी १९७१ साली १४ रुग्णांचं वर्णन करून दाखवलं. म्हणजे मोठ्यांमधला हा आजार वैद्यकाला नीट माहीत होऊन जेमतेम पन्नास वर्षं झाली आहेत. फ्रान्स आणि जपानमधल्या पाहण्यांत वर्षाला लाख लोकांमागे एकाहूनही कमी नवे रुग्ण सापडले. तालुक्याच्या डॉक्टरांनी आयुष्यात एकही पाहिला नसेल तर तो त्यांचा दोष नाही.

यात जंतू नसतो. शरीराची पहिली संरक्षक फळी कारण नसताना पेटते आणि इंटरल्युकिन-१, ६, १८ अशी दाह वाढवणारी रसायनं भरमसाट सोडत राहते. म्हणून अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. आणि म्हणूनच निदान हेच ठरलं तर त्याचं ताट-पेला वेगळं करायची गरज नाही, कुणाला लागत नाही.

या आजाराची एकच एक तपासणी नाही. १९९२ साली यामागुची आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी निकष बांधले, ते आजही जगभर वापरले जातात. चार मोठे निकष : ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर १०२.२ किंवा जास्त ताप, किमान आठवडाभर. सांधेदुखी दोन आठवडे. ते ठरावीक पुरळ. आणि पांढऱ्या पेशी १०,००० किंवा जास्त, त्यात ८० टक्के किंवा अधिक ग्रॅन्युलोसाइट, ज्यातल्या बहुतेक तुमच्या रिपोर्टवर न्यूट्रोफिल म्हणून छापलेल्या असतात. लहान निकषही चार : घसादुखी; लसीका गाठी किंवा प्लीहा वाढणं; यकृताच्या तपासण्या बिघडणं; आणि आरए फॅक्टर व एएनए या संधिवाताच्या दोन्ही रक्ततपासण्या निगेटिव्ह असणं. एकूण पाच भरले पाहिजेत, त्यांत किमान दोन मोठे. भावाचे ताप आणि सांधे धरून दोन मोठे, घसा एक लहान. पुरळ सिद्ध झालं तर एकूण चार. पांढऱ्या पेशींचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही; सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे, सगळे कागद काढून तारखेप्रमाणे लावा.

फेरिटिन या यादीत नाहीच, बघितलंत? तरुण पुरुषात ते साधारण ३००-४००च्या आत असतं. स्टिल्समध्ये ते हजारांत जातं, म्हणून आकडा दिसला की कान टवकारावेत. पण डेंग्यूत, यकृताच्या आजारात, रक्ताच्या काही कर्करोगांतही ते असंच उसळतं. नुसत्या फेरिटिनवर निदान ठरवणारा आणि नुसत्या विडालवर टायफॉइड ठरवणारा, दोघं एकाच नावेतले. (विडालचं सांगायचं तर आपल्या भागात जुन्या संसर्गाने किंवा लसीने ती पॉझिटिव्ह येऊ शकते. टायफॉइड पकडायचा तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहणं. ती वेळ तुमच्या बाबतीत निघून गेली.) प्रोकॅल्सिटोनिन नावाची तपासणी जंतुसंसर्ग ओळखायला सांगतात, स्टिल्समध्ये तीही वाढलेली असू शकते, तेव्हा ती वाढलीय म्हणून पुन्हा अँटिबायोटिकांच्या चक्रात शिरू नका.

निकषांचं खरं ओझं त्यांच्या शेवटच्या अटीत आहे : संसर्ग, कर्करोग, विशेषतः लिम्फोमा (लसीका गाठींचा कर्करोग), आणि ल्युपससारखे दुसरे संधिवाताचे आजार नाहीत हे आधी पाहिलेलं असलं पाहिजे. आपल्याकडे ही अट पाळणं लंडन-टोकियोपेक्षा अवघड, कारण आपली यादी लांब. टीबी फुप्फुसातच असतो असं नाही. पोटातल्या गाठींत, हाडाच्या मगजात, कुठेही दडतो. हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग : त्यासाठी टू-डी इको आणि पुन्हा ब्लड कल्चर. मलेरिया, स्क्रब टायफस, एचआयव्ही. आणि एक प्रश्न तुम्हाला कुणी विचारला नसेल म्हणून मीच विचारतो : घरी गाई-म्हशी-शेळ्या आहेत का, भाऊ धारोष्ण दूध पितो का, अलीकडे एखादं जनावर गाभडलं का? तसं असेल तर ब्रुसेला, म्हणजे जनावरांकडून येणारा जंतुसंसर्ग. लांबलेला ताप, घाम, सांधेदुखी सगळं त्यातही असतं, औषधाने बराही होतो, पण मागितल्याशिवाय ती तपासणी कुणी करत नाही.

आता तो ‘ट्रायल’. ज्या डॉक्टरांनी सुचवलं त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. टीबीचा दाट संशय आहे, नमुना मिळत नाही, रुग्ण खालावतोय अशा वेळी मीही असे निर्णय घेतले आहेत. पण ते शेवटचं दार. आज सीबीनॅट आणि ट्रूनॅटसारख्या टीबीचा जंतू शोधणाऱ्या तपासण्या सरकारी यंत्रणेत होतात (ट्रूनॅट तर आपल्या गोव्यातल्या कंपनीचं), सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली तर सुई घालून तुकडा मिळतो. तो प्रयत्न न करता चार औषधं सुरू केली तर दोन घोटाळे होतात. त्यांतली तीन यकृताला त्रास देऊ शकतात. भावाचं एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) उद्या चढलं तर आजाराने की औषधाने, हे कुणी सांगू शकणार नाही. आणि रिफॅम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं, म्हणजे ताप थोडा खाली आला तरी ‘बघा, टीबीच होता’ हा निष्कर्ष कच्चाच. डॉक्टरांना एकच विचारा : ट्रायल किती आठवड्यांची, आणि काय झालं तर टीबी नाही असं आपण म्हणायचं? उत्तर नसेल तर ती ट्रायल नव्हे.

आईंची गोळी. ताई, हे त्यांना तुम्हीच समजवा, बाहेरच्याचं त्या ऐकणार नाहीत. स्टिरॉइडने ताप गेला यावरून आजार कोणता ते कळत नाही. स्टिल्सचा जातो, लिम्फोमाचाही जातो, टीबीचा दबतो आणि आत पसरतो. वर बायोप्सीचा निकालही त्याने बिघडू शकतो. कंडक्टरच्या यशाने माझी छाती फुगली होती तेव्हा दोन-तीन वर्षांनी तसाच दुसरा आला. ताप, सांधे, फेरिटिन. मी मानेतली छोटी गाठ ‘स्टिल्समध्ये असतेच’ म्हणून सोडली आणि स्टिरॉइड लिहिलं. चार महिने तो छान होता. मग गाठ लिंबाएवढी झाली, आणि तो लिम्फोमा निघाला. त्यानंतर सोडलेल्या गाठी मला झोपेतही आठवतात. निदान एकदा पक्कं झालं की तीच गोळी डॉक्टर कदाचित मोठ्या मात्रेत देतील. तेव्हा आईंचं म्हणणं खरं ठरेल, पण तेव्हाच.

कोणाचं ऐकायचं? एकाचंच. सहा आठवड्यांत तुमचे कमीत कमी चार डॉक्टर झालेत आणि प्रत्येकाने आपल्यापुरता तुकडा पाहिला. सोलापूर किंवा पुण्यात एक फिजिशियन धरा, शक्यतो जिथे रुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचे तज्ज्ञ) येतात अशा ठिकाणी, आणि दाखल होऊन तपास करून घ्या. दाखल झालात की संध्याकाळचा ताप नि पुरळ त्यांच्याच डोळ्यांसमोर येईल. ओपीडीतच दाखवायचं असेल तर दिवसातली शेवटची वेळ मागा. सोबत एक पान : कोणत्या तारखेला काय सुरू झालं, कोणतं औषध किती दिवस, स्टिरॉइड कधी ते कधी. फाइल नंतर, हे पान आधी हातात द्या.

या दरम्यान पुढचं काही घडलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. हा ताप उतरायचा थांबला, दिवसरात्र चढलेलाच राहिला, भाऊ सुस्त किंवा असंबद्ध बोलायला लागला, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, डोळे पिवळे, छातीत दुखणं, धाप, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात. स्टिल्सच्या काही रुग्णांत दाह इतका भडकतो की शरीर स्वतःच्याच रक्तपेशी फस्त करू लागतं. याला मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम म्हणतात, आणि तो जिवावर बेततो. त्यात कागद फसवतात : वाढलेल्या पांढऱ्या पेशी खाली येतात, प्लेटलेट घटतात, दाह दाखवणारा ईएसआरसुद्धा एकदम उतरतो. रुग्ण खालावतोय आणि ईएसआर सुधारलाय असं दिसलं तर पेढे आणू नका, गाडी काढा.

आणि समजा, स्टिल्सच निघाला. मग काय? उपचार आहेत. सौम्य आजारात सूज उतरवणारी वेदनाशामकं, नाहीतर स्टिरॉइड, आणि ते कमी करता यावं म्हणून मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर घात होतो, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. त्यावर भागलं नाही तर इंटरल्युकिन अडवणारी औषधं : ॲनाकिन्रा, कॅनाकिनुमॅब, आणि कोविडच्या काळात घराघरांत माहीत झालेलं टोसिलिझुमॅब. महाग आहेत, आणि ती देण्याआधी दडलेला टीबी तपासावाच लागतो. काही जणांना हा आजार एकदाच येऊन कायमचा जातो, काहींना मधूनमधून परत येतो, काहींच्या सांध्यांत, विशेषतः मनगटांत, मुरतो. भाऊ कोणत्या गटात जाईल ते पहिल्या वर्षात हळूहळू दिसेल. नोकरीवाल्यांना एवढंच कळवा की तपास चालू आहे. नाव पक्कं होईपर्यंत नाव लिहू नका.

मामांच्या डॉक्टरांच्या त्या पट्टीत काही गोळ्या उरल्या असतील तर आईंच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. फेकू मात्र नका. पट्टीवरचं नाव आणि मिलिग्रॅम नव्या डॉक्टरांना दाखवायचं आहे.